सासूबाईंशी भांडू नको, आधी ती खोकल्याची बाटली उचल

या वेळचं पत्र उचगावच्या बाजूच्या एका खेड्यातनं आलंय. नाव छापू नका म्हणालीय, नाही छापत. पत्र चार पानी आहे, थोडं कापून देते:

"अक्का, माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगावजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगी आहे, आता तिला तीन महिने होऊन वर सहा दिवस झालेत. दीड महिन्याची लस तिकडेच घेतली, मग सासरी आले आणि अडीच महिन्याची राहिली. इथल्या ताईंनी कार्ड बघितलं, हे महाराष्ट्राचं आहे, विचारून सांगते म्हणाल्या, ते तसंच राहिलं. आता बाळाला सर्दी आहे म्हणून सासूबाई सुई नको म्हणायल्यात. मिस्टर गोव्याला कंपनीत, पंधरा दिवसातनं एकदा येतात. सासूबाई वाईट नाहीत हो, बाळावर जीव टाकतात, पण रोज गुटी, जिऱ्याचं पाणी, अंघोळीआधी नाकात कानात तेल, मग शेगडीवर धुरी, डोळ्यात काजळ. परवा रात्री नाक चोंदून रडायली होती तर जावेच्या चार वर्षांच्या मुलाचं खोकल्याचं औषध अर्धा चमचा पाजलं. त्यानंतर बाळ सात तास उठलं नाही, दुधाला पण नाही. सगळे म्हणाले बघ कसं शांत झोपलंय. मी रात्रभर नाकाजवळ हात धरून बसले. काही बोललं की 'आम्ही चार वाढवली की' म्हणतात. बोललं तर भांडण, नाही बोललं तर जीव टांगलेला. काय करू? आणि मिस्टर पुढच्या वेळी वॉकर आणणार आहेत, कुठला चांगला?"

अगं पोरी, ते नाकाजवळ हात धरून बसलीस ना, ते अगदी बरोबर केलंस. घाबरट नाहीस तू.

बाकीचं नंतर, आधी ती बाटली उचल. आता, हे वाचता वाचता उठ आणि उचल. मोठ्या पोराचं खोकल्याचं औषध तीन महिन्याच्या बाळाला अर्धा थेंब सुद्धा द्यायचं नाही. बाळ झोपलं ते बरं वाटलं म्हणून नव्हे, त्या औषधात गुंगी आणणारं असतं म्हणून झोपलं, आणि एवढ्या लहान जिवाला गुंगीत श्वास घ्यायचं पण सुचत नाही, तेच तर भ्या असतं. ही माझी मतं नाहीत. केंद्र सरकारच्या औषध खात्यानं डिसेंबर २०२३ मध्ये सर्दीच्या एका फार चालणाऱ्या जोड-औषधावर, ते क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनवालं, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापायला लावलं. मग २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं, लेकरांच्या किडन्या बंद पडल्या, वीसच्या वर पोरं गेली, टीव्हीवर तू पण बघितलं असशील. तेव्हा ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्यानं सगळ्या राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहूच नका आणि पाच वर्षांखाली पण शक्यतो नको. म्हणजे जावेच्या पोराला तरी ती बाटली कोणी आणि कशाला दिली होती ते एकदा विचारायला पाहिजे. मेडिकलमधनं नुसतं "पोराला खोकला आहे, काहीतरी द्या" म्हणून आणली असेल तर त्याला पण बंद.

त्या रात्रीनंतर बाळ नीट उठायलंय, दूध ओढायलंय, हातपाय मारायलंय, तर ते औषध उतरलं म्हणायचं. पण अजून मलूल वाटत असेल, नेहमीसारखं ओढत नसेल तर माझ्या उत्तराची वाट कशाला बघतेस, आजच दाखव, आणि जाताना ती बाटली बरोबर ने. बाटली बघितली की डॉक्टरला काय गेलंय ते लगेच कळतं.

आता सासूबाईंचं. तू जी यादी लिहिलीस ती वाचून मला हसू पण आलं आणि पोटात कालवलं पण, कारण ती यादी माझ्याच घरातली आहे. मी खानापूर तालुक्यात सिस्टर म्हणून गावं फिरले, जांबोटीकडच्या पावसात चिखल तुडवत लसीचा डबा घेऊन गेले, बायकांना सांगायची नाकात तेल घालू नका, आणि माझ्या थोरल्याच्या वेळी, तेव्हा नोकरीला नुकतीच लागलेली, घरी आईसमोर माझी जीभ उचलली नाही. आई रोज खोबरेल तेल कोमट करून दोन दोन थेंब नाकात सोडायची, नाक मोकळं होतं म्हणून. चौथ्या महिन्यात त्याला न्युमोनिया झाला, नऊ दिवस ॲडमिट. डॉक्टर मला म्हणाले, सिस्टर तुम्ही पण? त्या दोन शब्दांत काय ते आलं. तेल नाकातनं खाली फुप्फुसात उतरतं आणि पाण्यासारखं खोकून बाहेर पडत नाही, तिथंच बसून राहतं आणि सूज आणतं. थोरला आता स्वतः दोन लेकरांचा बाप आहे, पण ते नऊ दिवस मी विसरलेले नाही.

त्या वेळेपासनं मी एक साधा हिशोब धरलाय, तोच तुला देते. जे बाळाच्या अंगाबाहेर राहतं ते बहुतेक करून राहू दे, आणि जे आत जातं, म्हणजे तोंडातनं, नाकातनं, कानातनं, डोळ्यातनं, ते सगळं थांबव. धूर पण आतच जातो, वास पण आतच जातो, हे लक्षात ठेव. सगळ्यावर एकदम भांडायला गेलीस तर एक पण गोष्ट थांबणार नाही, आणि सासूबाईंना वाटणार की कालची आलेली पोरगी मला शिकवायलीय. त्यापेक्षा निम्मं त्यांचं त्यांना ठेवलं तर उरलेलं निम्मं त्या सोडतील.

तर राहू दे काय काय? मालिश राहू दे. हाताला तेल लावून हलक्या हातानं अंग चोळणं ही आपल्याकडची फार चांगली गोष्ट आहे, बाळाला पण आवडतं आणि आजीला पण. पायावर घेऊन अंघोळ राहू दे, फक्त बंबातलं पाणी थेट घ्यायचं नाही, आधी बादलीत गार घालून मग त्यात कोपर बुडवून बघायचं, तळहातानं नव्हे, चुलीपुढं राबलेल्या हाताला गरम गरम वाटतच नाही. टाळूवर तेल लावतात ते लावू दे, दाबायचं तेवढं नको. नाक चिमटून सरळ करणं, डोकं गोल करायला दाबणं, पोरीची छाती पिळून "दूध" काढणं, असलं मात्र कोण करत असेल तर बंद, छाती पिळल्यानं तर गळू होतं. आमच्याकडं एक म्हातारी होती अंघोळ घालणारी, हात असा की बाळ रडायचंच नाही, सगळं गाव तिला बोलवायचं, पण ही छाती पिळायची सवय काही केल्या सोडत नव्हती. असो. कुंची, टोपडं, दुपटं, अंगाई, दृष्ट काढणं, मीठ-मोहरी, सगळं राहू दे. तीट लावायची तर तळपायाला लाव. काजळ डोळ्यात नको, कारण कित्येक काजळात शिसं असतं आणि घरच्या काजळात नसलं तरी बोट डोळ्यात जातंच, मग डोळा चिकटतो.

झोपवताना पाठीवरच झोपव, पोटावर नको. डोकं गोल व्हायला मोहरीची उशी केली असेल तर ती पण बाजूला ठेव, एवढ्या बाळाला उशी लागत नाही.

गुटीचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथंच सगळ्यात जास्त वाद होतो. सहाणेवर वेखंडाचा एक वळसा, हळकुंडाचा एक, बाळहिरडा, मुरुडशेंग, जायफळ, खारीक, बदाम... मला सगळं पाठ आहे, मी पण त्यावरच वाढले. पण वळसा म्हणजे किती गं? सासूबाईंचा हात वेगळा, अंघोळ घालणाऱ्या बाईचा हात वेगळा, आणि बाळ जास्त रडायलं की जायफळाचे दोनाचे चार वळसे होतात. जायफळ गुंगी आणतं, त्या बाटलीसारखंच. वर ती सहाण, ती मुळ्या ठेवायची डबी, ते पाणी, चमचा, आषाढातल्या ओलीत यातलं काय कोरडं आणि स्वच्छ राहतं? आपल्याकडं पावसाळ्यात विहिरीचं, नळाचं पाणी गढूळ येतं, मोठ्यांची पोटं बिघडतात तर तीन महिन्याच्या पोटाचं काय होईल. आणि गुटीत मध घालत असतील तर तो आधी बंद, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. मधात एका जंतूचं बी असू शकतं, ते मोठ्यांच्या पोटात मरून जातं पण बाळाच्या आतड्यात रुजतं आणि बाळ हळूहळू लुळं पडतं. उकळून पण ते मरत नाही.

जिऱ्याचं पाणी पण नको. सहा महिने फक्त आईचं दूध, त्यातच शंभरात ८८ भाग पाणी असतं. उन्हाळ्यात सुद्धा वेगळं पाणी लागत नाही, आता तर बाहेर धो धो कोसळायलंय. तेवढं पाणी पोटात गेलं की तेवढं दूध कमी ओढलं जातं आणि मग तुझं दूध पण कमी होतं, मग सगळे म्हणतात "हिला दूध पुरत नाही", मग दुधाच्या पावडरीचा डबा येतो घरात. पुरतं का नाही ते ओळखायचं सोपं आहे, दिवसातनं सहा-आठ लंगोट ओले होतात ना, वजन वाढतंय ना, मग पुरतं. एकदा अंगणवाडीत काट्यावर ठेव आणि तो आकडा सासूबाईंना वाचायला सांग.

धुरीचं अवघड आहे, मला माहीत आहे. आपल्या पावसात दुपटी वाळत नाहीत, भिंतीला ओल, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवल्याशिवाय बरं वाटत नाही, आणि ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं यांचा तो वास आला की घरात बाळ आहे असं वाटतं. पण धुराचं नाव काही टाकलं तरी धूरच. चोंदलेल्या नाकाच्या बाळाला धुरी म्हणजे आगीत तेल. आणि दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपणं तर फार वाईट, त्यातनं निघणारा विषारी वायू दिसत नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. शेगडी पाहिजे तर पडवीत ठेवा, त्यावर दुपटी लंगोट वाळवा, गरम झालेली दुपटी आत आणून बाळाला गुंडाळा. ऊब आली आणि धूर बाहेर राहिला. सासूबाईंना हे पटेल, कारण शेगडी तर आहेच, जागा बदललीय एवढंच. आणि ऊब पाहिजे तर सगळ्यात चांगली शेगडी तूच आहेस, झबलं काढून बाळाला छातीला कातडीला कातडी लावून धर, वरनं शाल घे. आजीनं पण धरलं तर चालतं, विचारून बघ त्यांना, कोण नाही म्हणेल.

कापराचं राहिलं. कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात किंवा पाळण्याला बांधतात, तसली असेल तर काढ. कापूर लहान बाळाला चालत नाही, पोटात गेला तर आकडी येते. छातीला चोळायचे ते बाम पण तसलेच, दोन वर्षांखाली नकोत.

मग सर्दीला करायचं काय, हातावर हात ठेवून बसायचं काय? नाही. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, सलाईन ड्रॉप म्हण, स्वस्त असतात, नाकपुडीत एक-दोन थेंब, पाजायच्या आधी पाच मिनिटं. नाक मऊ होतं, बाळ शिंकतं, मोकळं होतं. नाक मोकळं करायची हौस सासूबाईंना आहेच ना, तर तेलाच्या वाटीच्या जागी ही बाटली त्यांच्या हातात दे, नुसतं काढून घेऊ नको. पण नीट बघून घे, नाकाचे दुसरे पण थेंब मिळतात मोठ्यांचे, नाक झटक्यात उघडणारे, ते बाळाला धोक्याचे. लेबलवर सोडियम क्लोराइड लिहिलेलं बघ. बाकी थोडं थोडं पण जास्त वेळा पाज. सर्दी साधारण आठवड्याभरात, फार तर दहा दिवसात जाते, आपण काही केलं नाही तरी.

आणि श्वास मोजा. हे काम सासूबाईंना द्यायचं, मी मुद्दाम सांगते. बाळ शांत असताना, झोपेत असलं तर उत्तमच, झबलं वर करायचं आणि पोट वर आलं की एक, परत वर आलं की दोन, असं घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, लहान बाळाचा श्वास कधी भरभर कधी हळू असतो. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त आले तर वेगानं चाललाय म्हणायचं. दोन महिन्याच्या आत हाच आकडा ६० असतो आणि वर्षाच्या पुढं पाच वर्षांपर्यंत ४०. मी गावात शिकवायचे तेव्हा कित्येक आज्ज्या माझ्यापेक्षा चांगल्या मोजायच्या, नजर बसलेली असते त्यांची, "पोट उडायलंय" हे त्या लांबनं सांगतात. तेच, बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडायला लागला, बाळ कण्हायला लागलं, दूध सोडलं, प्यालेलं सगळंच उलटायला लागलं, ओठ निळे झाले, उठवून उठत नाही किंवा आकडी आली, तर कोणाला विचारायचं नाही, मिस्टरांच्या फोनची वाट नाही, १०८ ला फोन. मराठीत बोल, मराठी कळणारं कोण ना कोण असतं, आणि नाही कळलं तर गावाचं नाव आणि "मगू" एवढं म्हण, कन्नडमध्ये बाळाला मगू म्हणतात. श्वास नुसताच ५० च्या वर गेलाय आणि बाकी ठीक आहे तरी त्याच दिवशी दाखवायचं, उद्यावर नाही. सासऱ्यांना नाहीतर शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेव, रात्री गाडी कोण काढणार ते.

आता लसीचं, आणि इथं मी जरा रागावणार आहे, तुझ्यावर नव्हे. महाराष्ट्राचं कार्ड म्हणून बाळ परत पाठवायचा कुठला नियम नाही. वेळापत्रक सगळ्या देशात एकच, सीमा आपल्या भांडणाची आहे, गोवराच्या जंतूची नव्हे. तिकडचं कार्ड आणि तुझं आधार घेऊन थेट पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जा, इथलं तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकाचं आई-बाळाचं कार्ड, नसलं तरी लस मिळते, आणि आता यू-विन म्हणून फोनवर पण नोंद असते, तिकडे दिलेली लस इकडे दिसू शकते. अडीच महिन्याची राहिली ती आता घ्यायची, पहिल्यापासून सुरू करायला लागत नाही. पोलिओचे थेंब, पेंटा आणि रोटाचे, म्हणजे जुलाबावरच्या लसीचे, थेंब मिळतील, मग कमीत कमी चार आठवड्यांनी पुढची, त्यात परत हे तीन आणि शिवाय पोलिओचं इंजेक्शन आणि न्युमोनियाची पीसीव्ही. पेंटा म्हणजे एका सुईत पाच रोग, डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब नावाच्या जंतूचा न्युमोनिया-मेंदूज्वर. सासूबाईंना डांग्या खोकला म्हटलं की कळेल, त्यांच्या पिढीनं ते बघितलंय, खोकून खोकून काळंनिळं होणारं लेकरू एकदा बघितलं की बाई विसरत नाही. साध्या सर्दीला लस थांबवायची नसते. ताप आहे, बाळ खरंच आजारी आहे, तर सिस्टर स्वतःच बघून सांगतील. दीड महिन्याची माहेरी घेतली म्हणून पुढच्या लसी पण माहेरीच घेऊ असं मात्र करू नको. डिसेंबर २०२२ मध्ये आणि परत फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवरच्या शिनोळीच्या पुढं एसट्या जायच्या बंद झाल्या होत्या, आठवतंय ना? लसीची तारीख तसल्यात अडकायला नको.

कार्ड कन्नडमध्ये मिळालं तर घाबरू नको. आशाताईकडनं पुढची तारीख वाचून घे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुझ्या हातानं मराठीत लिही, कार्डाचा फोटो काढून मिस्टरांना पाठव. तिसऱ्या महिन्यात आशाताईची घरी एक फेरी असते, नसेल आली तर तूच निरोप दे. आली की चहा सासूबाईंना करायला लावू नको, त्यांना तिच्यासमोर बसव आणि चहा तू कर, जे सांगायचं ते ती त्यांना सांगू दे.

पेंटानंतर त्या रात्री ताप येतो, मांडी दुखते, बाळ चिडचिड करतं, हे धरूनच चाल, नाहीतर "सांगितलं होतं सुई नको" ऐकायला लागेल. पॅरासिटामॉलचं नीट ऐक, कारण यात शिकलेली माणसं पण फसतात. त्याचे ड्रॉप वेगळे आणि सिरप वेगळं. ड्रॉप घट्ट असतात, बहुतेक बाटल्यांत १ मिलीत १०० मिलिग्रॅम, आणि साधं सिरप पातळ, ५ मिलीत १२५, कधी २५०. बाळाला किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम लागतं. तू वजन लिहिलं नाहीस, समजा ५ किलो आहे, तर ५० ते ७५, म्हणजे ड्रॉपचा अर्धा ते पाऊण मिली, बस. तेच सिरप समजून कोणी अर्धा चमचा, अडीच मिली, ड्रॉप पाजले तर २५० मिलिग्रॅम जातं, तिपटीहून जास्त, पाचपटीपर्यंत. म्हणून लस देणाऱ्या सिस्टरकडनंच वजनाप्रमाणं किती ते विचार, बाटलीवर पेननं लिही, बरोबर येणाऱ्या ड्रॉपरनंच दे, दोन वेळांत सहा तास जाऊ दे. लसीच्या जागी तेल चोळणं, शेकणं नको, गार पाण्याची घडी ठेव.

आता खरा प्रश्न, बोलायचं कसं. "आम्ही चार वाढवली की" याला उत्तर देऊ नको, ते खरंच आहे, त्यांनी वाढवली. पण त्या काळी किती जात होती ते पण त्यांनाच जास्त माहीत. आपल्या देशात १९७१ साली हजार बाळं जन्मली तर १२९ वर्षाच्या आत जायची, २०२३ मध्ये तो आकडा २५ वर आलाय. हे आकडे त्यांना फेकून मारू नको. एखाद्या दुपारी दोघी निवांत असताना नुसतं विचार, "आत्या, तुमच्या वेळी गल्लीतली किती गेली हो?" तुझ्याकडं सासूला आत्या म्हणतात का मामी, जे काय म्हणतात ते. त्या सांगतील. नावं घेऊन सांगतील. मग तू काही बोलायची गरज पडणार नाही.

आणि दोष माझ्यावर घाल. "अक्कांनी लिहिलंय, नाकात तेल नको, मीठ-पाण्याचे थेंब घाला" असं म्हण, हे वाचून दाखव, "ती कोण शहाणी" म्हणून त्यांनी मला चार शिव्या घातल्या तरी मला लागत नाहीत, तुमच्यात भांडण व्हायला नको. मिस्टरांना पण फोनवर सगळं सांग, पण आईविरुद्ध तक्रार म्हणून नको, त्या रात्रीचं सात तासाचं सांग फक्त.

वॉकर कुठला चांगला विचारलंस. कुठलाच नाही. वॉकरनं बाळ लवकर चालत नाही, उलट उंबऱ्यावरनं, पायरीवरनं खाली जातं, चुलीपर्यंत पोचतं. कॅनडात २००४ पासनं विकायलाच बंदी आहे. मिस्टरांना म्हणावं त्या पैशात एक डिजिटल थर्मामीटर आणा आणि उरलेल्यात काजू आणा, तुला, बाळाला नव्हे.

काजूवरनं आठवलं, घरात चार वर्षांचं पोर आहे ना. ही मोठी भावंडं फार प्रेमळ असतात, आपल्या हातातले चिरमुरे, शेंगदाणे बाळाच्या तोंडात कोंबतात. शेंगा तर आपल्याकडं घरोघरी, सुगीला अंगणभर पसरलेल्या. शेंगदाणा श्वासनळीत गेला की फुगतो. चिंचोके, सुपारी, घड्याळातला गोल सेल, सगळं उंचावर ठेवा. आणि कधी घशात अडकून बाळाचा आवाजच बंद झाला तर तोंडात बोट घालून शोधू नको, आत ढकललं जातं. हातावर पालथं घे, डोकं खाली, मान-जबडा हातानं धरून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मुळानं पाच थापट्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, परत थापट्या, निघेपर्यंत, आणि तोवर दुसऱ्या कोणी १०८ लावायचा. हे आशाताईकडनं एकदा बाहुलीवर नाहीतर उशीवर करून बघ, वाचून येत नाही.

लस झाली की कळव. बाळाचं बारसं झालं का नाही तेही लिहिलं नाहीस, नाव सांग, वजन सांग, आणि सासूबाईंनी मिनिटाला किती मोजले तो आकडा त्यांच्याच तोंडून विचारून लिही.